झड उघडली की आधी मुळांना हवा द्या, खताचं नंतर बघा

ऑगस्टमधली झड लागली की मराठवाड्यात, विदर्भात भारी काळ्या रानात दरवर्षी तेच दिसतं, सरीत पाणी थांबलंय, सोयाबीन पिवळं पडलंय आणि कपाशीने माना टाकल्यात. पाण्यात उभं असलेलं पीक सुकतं कसं काय, हा प्रश्न पडतोच, मग कुणी चिखलातच युरिया फेकून येतो, कुणी दुकानातून महागडं टॉनिक आणतो, आणि पैसे गेले तरी पीक काही हिरवं होत नाही. भावांनो, पाणी जास्त झालं म्हणून पीक मरत नाही, मुळांना ऑक्सिजन मिळत नाही म्हणून मरतं. हे एकदा नीट समजून घेतलं ना की कुठलं काम आधी आणि कुठलं नंतर हे आपोआप कळतं.

झाड पानातून कार्बन डायऑक्साइड घेतं आणि ऑक्सिजन सोडतं हे आपण शाळेत शिकलो, पण मुळांचं काम उलटं चालतं, ती अंधारात असतात, तिथे अन्न तयार होत नाही, त्यामुळे पानाने पाठवलेली साखर वापरून त्यांना दिवसरात्र श्वास घ्यावा लागतो, म्हणजे ऑक्सिजन आत आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर. ही देवाणघेवाण होते मातीच्या कणांमधल्या बारीक पोकळ्यांतून. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के आणि कार्बन डायऑक्साइड ०.०४ टक्के, जमिनीतल्या हवेत मात्र मुळं आणि जिवाणू दोघेही श्वास घेत असल्यामुळे कार्बन डायऑक्साइड कितीतरी पट जास्त असतो. पोकळ्या मोकळ्या असतील तर तो वर निघून जातो आणि ताजी हवा खाली येते. त्याच पोकळ्या पाण्याने भरल्या की सगळं अडतं, कारण हवेच्या मानाने पाण्यातून ऑक्सिजन सुमारे १०,००० पट हळू सरकतो. जमिनीत अडकलेला थोडाफार ऑक्सिजन असतो तो उबदार दिवसात एक-दोन दिवसांत संपतो.

मग मुळं ऑक्सिजनशिवाय भागवायला बघतात, पण तेवढ्याच साखरेतून त्यांना फारच कमी ताकद मिळते. ताकद नाही म्हणून पाणी आणि अन्न उचलता येत नाही, पाणी वर जात नाही म्हणून पान आपली छिद्रं बंद करून घेतं, आणि छिद्रं बंद झाली की कार्बन डायऑक्साइड पानात शिरत नाही, म्हणजे वर अन्न तयार व्हायचंही थांबतं. खाली दम कोंडला की वरचंही काम बंद. म्हणूनच पाण्यात उभी कपाशी सुकलेली दिसते.

तर पाऊस थोडा उघडला की पहिलं काम फावड्याचं. शेताच्या खालच्या बाजूचा बांध फोडून पाण्याला वाट करा, उतार बघून चर काढा, सोयाबीनमध्ये दर काही ओळींनंतर एक सरी मोकळी ठेवली असेल तर ती साफ करा, आणि उतारच नसेल तर खोलगट कोपऱ्यात खड्डा घेऊन तिथून पंपाने पाणी उपसा. शेजाऱ्याच्या रानात पाणी सोडण्यावरून भांडणं होतात हे माहीत आहे, पण दोघांनी मिळून एकच चर नाल्यापर्यंत नेला तर दोघांचंही पीक वाचतं, त्यामुळे आधी बोलून घ्या. पाणी निघाल्यावर लगेच बैल किंवा ट्रॅक्टर रानात घालू नका, ओल्या मातीवर वजन पडलं की उरल्यासुरल्या पोकळ्याही दबतात. वापसा येऊ द्या, म्हणजे जास्तीचं पाणी निघून माती चिखल न होता मोकळी होईल अशी ओल राहू द्या, मग कोळपणी किंवा डवरणी (ओळींमधली हलकी मशागत) करा, वरची पापडी फुटली की हवा खाली जाते, आणि माझ्या मते या एका पाळीने जे होतं ते कुठल्याही बाटलीने होत नाही.

खताबद्दल एक सांगतो, चिबडलेल्या रानात युरिया अजिबात टाकू नका. ऑक्सिजन संपला की जमिनीतले काही जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन काढून घेतात आणि नत्र (नायट्रोजन) वायू होऊन उडून जातं, खालची पानं पिवळी पडतात त्यात याचाही हात असतो. मुळं अजून कामाला लागलेली नसतात म्हणून तोवर पानातून द्या, म्हणजे पाण्यात विरघळणारं खत फवारा (आकडे नत्र, स्फुरद, पालाशच्या टक्क्यांचे), वाढीच्या अवस्थेत १९:१९:१९ आणि सोयाबीन शेंगा भरत असेल तर ००:५२:३४, दोन्हीचं प्रमाण १० लिटर पाण्याला १०० ग्रॅम.

सोयाबीनच्या चार-पाच जागची झाडं उपटून मुळांवरच्या, नत्र धरणाऱ्या जिवाणूंच्या गाठी नखाने फोडून बघा. आत गुलाबी रंग असेल तर गाठ जिवंत आहे, हा रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जातीच्याच पदार्थाचा, तो गाठीतल्या जिवाणूंना बेताबेताने ऑक्सिजन पोचवतो. हिरवट, करडी किंवा पिचकी गाठ म्हणजे तिथलं नत्राचं काम बंद. मुळं पांढरी असतील तर काळजी नाही, तपकिरी होऊन साल निघत असेल आणि सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर तिथे बराच वेळ हवा नव्हती. आणखी एक, चुनखडीच्या रानात शेंड्याची नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या असं दिसलं तर ते लोहाचं आहे. कोंडलेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो, चुनखडीबरोबर बायकार्बोनेट तयार होतं आणि मग जमिनीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही. इथे युरिया देऊन उपयोग नाही, वापसा आणा आणि चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह) लेबलवरच्या प्रमाणात फवारा.

कपाशीत आधी ताण पडला, मग धो धो पाऊस आणि लगेच कडक ऊन असं झालं की बोंडांनी लदलेली चांगली झाडंच अचानक सुकतात, हीच आकस्मिक मर. हा बुरशीचा रोग नाही, पण घाई मात्र करावी लागते, लक्षण दिसल्यापासून एक-दोन दिवसांच्या आत पाणी काढून १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम युरिया, १०० ग्रॅम पांढरा पोटॅश आणि २५ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड (तांब्याचं बुरशीनाशक) मिसळून प्रत्येक झाडाच्या बुडाशी साधारण १५० मिली आळवणी करा, म्हणजे ते द्रावण मुळाशी ओता. तीन-चार दिवस गेल्यावर केली तर पैसे वाया.

कोकणातल्या भाताला यातलं काहीच लागत नाही, कारण भाताच्या पानापासून मुळापर्यंत आतून हवेच्या पोकळ नळ्या असतात, ते वरून घेतलेला ऑक्सिजन खाली नेतं. सोयाबीन, तूर, हळद यांना तशी सोय नाही.

हिंगोली, नांदेडकडे हळदीच्या सऱ्या आत्ताच तपासा, दम कोंडलेल्या मुळावर आणि गड्ड्यावर कंदकुजीची बुरशी लगेच बसते. पिवळं झालेलं पान ओढल्यावर फुटवा सहज हातात आला तर कूज सुरू झालीये, तो गड्डा काढून रानाबाहेर नष्ट करा, पाणी काढा आणि आजूबाजूला कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला ५ ग्रॅम घेऊन आळवणी करा. जिथे अजून कूज नाही तिथे शेणखतात मुरवलेलं ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) वापसा आल्यावर टाका, पण आळवणी केलेल्या सरीत त्याच वेळी टाकू नका, तांब्याने ती चांगली बुरशीही मरते, मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्या.