उबंटूतून डी ड्राइव्हवर फाइल सेव्ह होत नाही? हे करा

एकाच कॉम्प्युटरवर विंडोज आणि उबंटू टाकलं की हमखास हा त्रास होतो: उबंटूतून डी ड्राइव्हमधल्या फाइली दिसतात, पण सेव्ह होत नाहीत. 'रीड-ओन्ली' असा मेसेज येतो, कधी ड्राइव्ह उघडतच नाही. हार्ड डिस्क गेली समजून मी मशीन उचलून नागपूरच्या बर्डीवर (सीताबर्डी बाजारात) न्यायला निघालो होतो. डिस्क ठणठणीत होती. विंडोज शट डाउन केल्यावरही पूर्ण बंद होत नव्हतं, फास्ट स्टार्टअपमुळे (विंडोज लवकर सुरू व्हावं म्हणून असलेल्या सोयीमुळे) अर्धवट झोपलेलं राहत होतं, म्हणून उबंटू त्या ड्राइव्हवर लिहीत नव्हतं.

विंडोजमध्ये जाऊन एवढं करा:

१. कंट्रोल पॅनल, मग पॉवर ऑप्शन्स.
२. डावीकडे 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू'.
३. खालची फास्ट स्टार्टअपची खूण फिकट दिसते, बदलत नाही. म्हणून आधी वरच्या 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' या ओळीवर क्लिक करा. पुष्कळजण इथेच अडकतात.
४. 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप'ची खूण काढा, सेव्ह करा, मशीन शट डाउन करून उबंटू उघडा.

घाईत असाल तर शट डाउनऐवजी रीस्टार्ट करून उबंटूत जा. रीस्टार्टमध्ये विंडोज पूर्ण बंद होतं.

विंडोज हायबरनेट करून (म्हणजे उघडं काम डिस्कवर साठवून मशीन बंद करून) मात्र उबंटूत जाऊ नका, आणि तसा ड्राइव्ह जबरदस्तीने उघडूही नका. नागपुरात मे महिन्यात लाइट गेली की इन्व्हर्टर वाचवायला आपण पटकन हायबरनेट करतो. त्यानंतर आधी विंडोजच सुरू करा आणि नीट बंद करा, नाहीतर उघडं ठेवलेलं काम जाऊ शकतं.