सरकारी कामात आकडेवारी आणि वर्तनशास्त्र वापरताय? या चुका टाळा

सरकारी कामकाज सुधारायला बसलेले नवे लोक आधी डॅशबोर्ड बनवतात आणि मग त्याला शोभेल असा प्रश्न शोधतात. इथूनच सगळं बिघडतं.

नोंद म्हणजेच काम, असं धरून चालणं. माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. एका कार्यालयात ठरलं की तक्रार सात दिवसांत निकाली निघाली पाहिजे. थोड्याच दिवसांत डॅशबोर्ड हिरवागार झाला आणि कौतुकाची बैठकही झाली. मी बंद झालेल्या तक्रारींचे शेरे वाचायला घेतले. पानामागून पान एकच शेरा: ‘संबंधित विभागाकडे वर्ग’. तेवढ्यावर तक्रार बंद. गळक्या जलवाहिनीची एकच तक्रार दर वेळी नव्या क्रमांकाने आली होती, दर वेळी मुदतीत निकाली निघाली होती, आणि पाणी मात्र रस्त्यावरून वाहतच होतं. यात कर्मचाऱ्यांची लबाडी नव्हती. वरून जे मोजलं जात होतं, ते त्यांनी चोख केलं.

इंग्लंडमध्ये रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांना चार तासांची मर्यादा घातली, तेव्हाही मर्यादा संपता संपता रुग्ण हलवण्याचं प्रमाण एकदम चढलेलं दिसलं. म्हणून कुठलाही आकडा स्वीकारण्याआधी मी त्यामागची थोडी प्रकरणं स्वतः उघडून वाचतो आणि अर्जदारांना फोन करून विचारतो, ‘काम झालं का?’ हे कंटाळवाणं आहे, पण याला सोपा पर्याय मला आजवर सापडलेला नाही.

तुलनेसाठी गट न ठेवणं. ‘पत्र पाठवलं, वसुली वाढली’ याला पुरावा म्हणत नाहीत. वसुली मुदत जवळ आल्यानेही वाढते. ब्रिटनमध्ये २०१३ साली अवयवदात्यांच्या नोंदणीसाठी आठ वेगवेगळी आवाहनं दहा लाखांहून जास्त लोकांत यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, वाटून तपासली. लोकांच्या घोळक्याचा फोटो लावलेलं आवाहन साध्या आवाहनापेक्षाही कमी चाललं. ‘तुम्हाला अवयवाची गरज पडली तर तुम्ही घ्याल ना? मग इतरांना मदत करा’ या अर्थाचं आवाहन सर्वात पुढे गेलं. चाचणी नसती तर फोटोच सगळीकडे लागला असता, कारण बैठकीत फोटो सगळ्यांना आवडतो.

शोधनिबंधातल्या परिणामाची आशा धरणं. २०२२ साली अमेरिकेतल्या दोन मोठ्या नज युनिटांच्या, म्हणजे सक्ती न करता छोट्या बदलांनी लोकांचं वागणं बदलू पाहणाऱ्या गटांच्या, १२६ चाचण्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. विद्वत्पत्रिकांत छापलेल्या प्रयोगांत अपेक्षित कृती करणाऱ्यांच्या प्रमाणात सरासरी वाढ ८.७ टक्के बिंदूंची होती (म्हणजे शंभरात आणखी साधारण नऊ जण), या चाचण्यांत १.४ ची. लाखो लोकांसाठी १.४ सुद्धा मोलाचं आहे, पण वरिष्ठांना आधीच सांगून ठेवा.

अर्ज तसाच ठेवून आठवणीचे संदेश पाठवणं. किचकट अर्ज दहा संदेशांनी सोपा होत नाही. न्यूयॉर्कमध्ये समन्सच्या कागदाची मांडणी बदलून हजर राहण्याची तारीख आणि ठिकाण ठळकपणे वर आणलं, तेवढ्याने कोर्टातली गैरहजेरी साधारण १३ टक्क्यांनी घटली. अधिकाऱ्याने स्वतःचा अर्ज एकदा पहिल्या ओळीपासून भरून पाहावा, खिडकीवर, रांगेत उभं राहून.

प्रसिद्ध प्रयोग डोळे झाकून उचलणं. ‘सही फॉर्मच्या वर घ्या, लोक खरं लिहितात’ सांगणारा २०१२ चा निबंध २०२१ मध्ये मागे घेतला गेला. तरी प्रशिक्षणांत तो अजून ऐकू येतो.

फसलेल्या चाचण्या दडपणं. त्यांची नोंद फाइलला लावा. नाहीतर बदली होऊन आलेला पुढचा अधिकारी तेच पत्र पुन्हा छापतो.