गाड्या नाहीत म्हणजे धोका नाही असं नव्हे: वर्षावनात आणि किनाऱ्यावर सायकल चालवताना या चुका टाळा

सपाट वाट, गाड्यांची वर्दळ नाही, एका बाजूला दाट झाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र. असं वर्णन वाचून नवखा माणूसही सायकल काढतो, आणि त्याने काढावीच. जुन्या रेल्वेमार्गांवर तयार झालेल्या वाटा तर खरोखर सोप्या असतात. आगगाडीला खडा चढ झेपत नाही, म्हणून त्या वाटांवर शंभर मीटरला दोन-तीन मीटरपेक्षा जास्त चढ सहसा लागत नाही. सिंगापूरचा २४ किलोमीटरचा रेल कॉरिडॉर असाच, २०११ मध्ये तिथली रेल्वे बंद झाल्यावर मोकळा झालेला. पण ‘सोपी वाट’ म्हणताना चढ आणि वाहनं एवढ्याचाच विचार झालेला असतो. भरती, मीठ, दमट हवा आणि ओलं लाकूड त्यात धरलेलं नसतं. माणसं दरवेळी तिथेच अडकतात.

भरतीची वेळ न बघता पुळणीवर उतरणं

ही चूक मी सगळ्यात वर ठेवतो, कारण इथे जीव जाऊ शकतो. ओहोटीला पाणी मागे गेलं की ओली वाळू घट्ट होते आणि टायर रुतत नाही. जंगलातली वाट वळणं घेत जाते, समोरची पुळण मात्र सरळ दिसते. मग कुणीतरी म्हणतंच, “खालून जाऊ, अर्ध्या वेळात पोचू.”

आमच्याबरोबर आलेल्या एका मुलाने हेच केलं. मध्ये एक ओढा समुद्राला मिळत होता. जाताना त्यात घोट्याएवढं पाणी होतं. पलीकडच्या टोकाला त्याने निवांत फोटो काढले, थोडा पहुडला आणि मग परत निघाला. आम्ही वरच्या वाटेने येऊन ओढ्यावरच्या पुलावर थांबलो होतो. तिथून दिसलं की सायकल खांद्यावर घेऊन तो पाण्यात उतरतोय. मधोमध पाणी कमरेच्या वर गेलं. पायाखालची वाळू सरकत होती, आणि प्रत्येक लाटेबरोबर सायकल त्याला आडवं ओढत होती. “सायकल सोड,” आम्ही बेंबीच्या देठापासून ओरडत होतो. सायकल भाड्याची, म्हणून तो सोडत नव्हता. शेवटी हातातून सुटली, आणि त्यानंतरच त्याचे पाय टेकले. सायकल पुढच्या ओहोटीला चिखलात सापडली. भाड्याचे पैसे गेले, मुलगा राहिला.

भरती एकसारख्या वेगाने चढत नाही, हे त्याला माहीत नव्हतं. बहुतेक किनाऱ्यांवर ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण सहा तास लागतात. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एकच भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन. म्हणजे निम्मी भरती मधल्या दोन तासांत येते. पहिला तास बघून ‘अजून खूप वेळ आहे’ असं वाटतं ते यामुळेच. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, तेव्हा काल जमलं म्हणून आज जमेल असं धरू नका. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. त्या दिवसांत कोरडी वाटणारी पट्टीही पाण्याखाली जाते.

माझी सवय सांगतो. ओहोटीच्या दोन तास आधी उतरायचं आणि ओहोटीची वेळ झाली की जिथे असू तिथून मागे वळायचं. पलीकडचं टोक दिसत असलं तरी वळायचंच. वाटेत ओढा ओलांडावा लागणार असेल तर मी पुळणीवर उतरतच नाही. ऑस्ट्रेलियातल्या उत्तर क्वीन्सलँडसारख्या किनाऱ्यांवर खाडीच्या तोंडाशी खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात, तिथे तर काठाजवळ थांबूही नये.

मिठाचं पाणी लागलेली सायकल तशीच ठेवणं

लोक दमून येतात, सायकल भिंतीला टेकवतात आणि सकाळी लालसर झालेली चेन बघून चेनलाच नावं ठेवतात. दुसरा प्रकार याहून वाईट. घाईघाईने गाड्या धुण्याच्या जोराच्या फवाऱ्याखाली सायकल धरायची. दोन मिनिटांत ती चकाचक होते, पण तोच जोर खारं पाणी आणि बारीक वाळू चाकाच्या मधल्या हबमध्ये, हँडलच्या बेअरिंगमध्ये, पॅडलच्या आसाभोवती आत ढकलतो. वरून स्वच्छ दिसणारी सायकल काही आठवड्यांत कुरकुरायला लागते आणि मग बेअरिंग बदलावी लागतात. हा वेळ वाचवणं मला कधीच पटलेलं नाही.

मी बादली, मग आणि मऊ ब्रश वापरतो. आधी नुसतं गोडं पाणी वरून ओततो, म्हणजे वाळू घासली न जाता वाहून जाते. मग साबण, पुन्हा पाणी, आणि कोरड्या फडक्याने पुसणं. चेन पूर्ण वाळेपर्यंत तेल घालत नाही. वाळली की प्रत्येक रोलरवर (कड्यांमधल्या छोट्या गोल नळीवर) एक थेंब, पॅडल उलटं फिरवायचं, आणि बाहेर राहिलेलं तेल पुसून काढायचं. वंगणाचं काम रोलरच्या आत असतं. बाहेर उरलेलं तेल फक्त वाळू धरून ठेवतं, आणि वाळू धरलेली चेन दातेरी चक्रांवर कानशीसारखी चालते. गंज सोडवायचा पातळ फवारा मारून निघणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं: तो पाणी हटवतो, चेनला टिकणारं वंगण देत नाही.

सीटखालचा दांडा ॲल्युमिनियमचा आणि सांगाडा पोलादी असेल तर आणखी एक त्रास असतो. दोन वेगळे धातू आणि मधे खारं पाणी आलं की ॲल्युमिनियम झिजायला लागतं, त्याचा क्षार फुगतो आणि दांडा आत घट्ट बसतो. मग हातोडा मारूनही तो निघत नाही. दांडा अधूनमधून बाहेर काढा, पुसा, ग्रीस लावून परत बसवा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि ते करणारे फार थोडे दिसतात.

ओल्या फळ्यांवर वळताना ब्रेक मारणं

खारफुटीतल्या लाकडी वाटांवर शेवाळाचा पातळ थर असतो. तो दिसत नाही, पण टायरला कळतो. वेग वळणाच्या आधी कमी करा, वळणात पुढचा ब्रेक अजिबात नको. फळ्या वाटेच्या दिशेनेच बसवलेल्या असतील तर अरुंद टायर फटीत अडकतो, तिथे उतरून चाला. झाडांची ओली मुळं आडवी आली तर सरळ काटकोनात ओलांडा. काही फळ्यांच्या वाटांवर सायकल न्यायलाच मनाई असते. सिंगापूरच्या पुलाऊ उबिन बेटावर चेक जावाच्या दलदलीपाशी सायकल बाहेर लावून चालत जावं लागतं. ‘कुणी बघत नाहीये’ म्हणून आत घुसणारे मला खरंच आवडत नाहीत.

सावली आहे म्हणून पाणी कमी नेणं

झाडीत ऊन लागत नाही, पण वाराही लागत नाही. हवेत आधीच ओल भरलेली असल्यामुळे घाम वाळत नाही, नुसता निथळतो, आणि घाम वाळल्याशिवाय शरीर थंड होत नाही. डोकं दुखणं, मळमळ, उकाड्यात अंगावर काटा येणं, यातलं काहीही झालं तर ताबडतोब थांबा, हेल्मेट काढा, डोक्यावर आणि मानेवर पाणी ओता. लांबच्या फेरीत नुसतं पाणी ढोसत राहिल्याने रक्तातलं मीठ पातळ होतं, म्हणून एका बाटलीत ओआरएस ठेवा. थंड प्रदेशातून येणाऱ्याच्या शरीराला सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. पहिल्याच दिवशी नेहमीचं अंतर कापायचा हट्ट नको.

बाकी थोडक्यात. दुपारी समुद्राकडून वारा सुटतो, म्हणून जाताना वारा तोंडावर आणि येताना पाठीवर राहील अशी वाट ठरवा. नवखे नेमकं उलटं करतात आणि शेवटच्या टप्प्यात रडकुंडीला येतात. माकडांना खायला देऊ नका, आणि खाण्याची पिशवी हँडलला लटकवू नका. क्वीन्सलँडच्या जंगलात कॅसोवरी (न उडणारा, मोठा, हल्ला करू शकणारा पक्षी) समोर आला तर सायकल मधे धरून हळूहळू मागे सरका, पाठ फिरवून पळू नका. पावसानंतर ओढा वाटेवरून वाहत असेल तर पाणी उतरेपर्यंत थांबा. नारळाखाली विसाव्याला बसू नका.

आणि दिवा. विषुववृत्ताजवळ संधिप्रकाश फार टिकत नाही, सूर्य बुडाल्यावर अर्ध्या तासाच्या आत काळोख होतो. दाट वर्षावनात तर भर दुपारीही जमिनीपर्यंत फार थोडा उजेड पोचतो, त्यामुळे तिथे संध्याकाळ लवकर होते. किनाऱ्यावरचा काळा चष्मा झाडीत शिरण्याआधी काढा आणि पुढचा-मागचा दिवा दिवसाही चालू ठेवा. या वाटांवर गाड्या नसल्या तरी चालणारी माणसं आणि लहान मुलं असतात.