पल्टेकवर बूस्ट आणि कट एकदमच
किकला (बेस ड्रमला) वजन हवं पण गढूळपणा नको, तर पल्टेक ईक्यूपी-१ए या ट्यूब ईक्वलायझरवर (ईक्यू) लो फ्रीक्वेन्सी ६० हर्ट्झला ठेवा, बूस्ट (वाढ) ४, अटेन्युएशन (कट, म्हणजे घट) ३. बूस्ट-कटचे हे आकडे डेसिबल नव्हेत, नॉबवरच्या नुसत्या खुणा. शेवटी कानच खरा. बूस्ट आणि कट एकमेकांना खोडत नाहीत, कारण कटचा कर्व्ह बूस्टच्या जरा वर बसतो: तळाला फुगवटा राहतो, २००-३०० हर्ट्‌झच्या आसपास खळगा पडतो.

ऑडिओ इंटरफेसमधून कॉम्प्युटरवरचा ट्रॅक पल्टेकला पाठवून परत घेताना (इन्सर्ट) आधी पिंग मारून, म्हणजे चाचणीचा सिग्नल पाठवून, लेटन्सी (येण्याजाण्यातला उशीर) मोजा आणि भरून काढा, नाहीतर मूळ ट्रॅकसोबत वाजवताच कॉम्ब फिल्टरिंग (उशिरामुळे काही फ्रीक्वेन्सी एकमेकींना खोडणं) होऊन किक पोकळ होते. ईक्यूसह आणि ईक्यूविना अशी तुलना करण्याआधी लेव्हल जुळवा, मोठा आवाज नेहमीच छान वाटतो. ईक्यू स्विच बंद केला तरी सिग्नल ट्यूब-ट्रान्सफॉर्मरमधूनच जातो, हेही ध्यानात ठेवा. मास्टरिंगला (गाण्यावरचा शेवटचा हात) डाव्या-उजव्या चॅनेलसाठी दोन युनिट असतील तर नॉबच्या खुणा नव्हे, पिंक नॉइज (चाचणीचा खरखराट) वाजवून मीटर जुळवा. उठण्याआधी नॉबचा फोटो काढा, सेटिंग पुन्हा लावायला.