इंग्लंडमधल्या गावाभोवती धावण्याची वाट कशी आखावी: गोरिंग आणि स्ट्रीटलीच्या शिवारातून

लंडनच्या पश्चिमेला असलेल्या रेडिंगहून डिडकॉटकडे थांबत थांबत जाणारी गाडी टाइलहर्स्ट आणि पँगबर्न घेऊन तिसऱ्या थांब्याला गोरिंग अँड स्ट्रीटलीला येते. थेम्सच्या पूर्व काठावर ऑक्सफर्डशरमधलं गोरिंग, पश्चिम काठावर बर्कशरमधलं स्ट्रीटली आणि दोघांना जोडणारा पूल. एका अंगाला चिल्टर्न टेकड्या, दुसऱ्या अंगाला बर्कशर डाउन्स. चुनखडीच्या या पांढऱ्या टेकड्यांमधून नदीने वाट काढली आहे. रेडिंग-स्लाउ पट्ट्यात मराठी घरं बरीच आहेत. त्यातले धावणारे बहुतेक जण घराजवळच्या पार्कात गोल गोल फिरतात, आणि गाडीने काही मिनिटांवर असलेलं हे शिवार तसंच राहून जातं. अनोळखी शेतातून धावलं तर कुणी हटकेल, ही भीती मोठी असते. मलाही होती. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

आधी हक्क समजून घ्या

इंग्लंडमध्ये गावोगावी सार्वजनिक वाटांचं जाळं आहे. जमीन खासगी असली तरी त्यावरून जाण्याचा हक्क सगळ्यांचा असतो, आणि तिथे चालता येतं तसं धावताही येतं. वाटेवरच्या खांबावर बाण असतो. पिवळा बाण म्हणजे फुटपाथ, फक्त पायी जाणाऱ्यांसाठी. निळा म्हणजे ब्राइडलवे: इथे घोडेस्वार आणि सायकलवालेही येतात. आपल्याकडच्या पाणंदीसारखा हा रस्ता बहुधा रुंद असतो, दोन्ही बाजूंना कुंपणाची झुडपं. जांभळा बाण असेल तर घोडागाडीलाही मुभा असते, लाल असेल तर मोटारीलाही. राष्ट्रीय पायवाटांवर ओकच्या फळाचं, म्हणजे एकॉर्नचं चिन्ह दिसतं. गोरिंगमध्ये अशा दोन वाटा एकमेकींना भेटतात, थेम्स पाथ आणि रिजवे.

यात एक गोष्ट आपल्या मनाला लवकर पटत नाही. आपल्याकडे उभ्या पिकातून कुणी जात नाही, बांधावरून जातो, तो संस्कारच आहे. इथे मात्र नकाशावरची वाट शेताच्या मधोमध जात असेल, तर हक्क त्या मधल्या रेषेवरच असतो. कडेने वळसा घालणं सभ्यपणाचं वाटतं, पण तो वळसा हक्काच्या वाटेबाहेर असतो. शेतकऱ्याला अशी वाट नांगरता येते. मात्र पेरणीसाठी नांगरल्यावर १४ दिवसांच्या आत ती पूर्ववत करायची आणि किमान १ मीटर रुंद मोकळी ठेवायची, असा नियम आहे. गव्हातून गेलेली ती मीटरभराची पट्टी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी कडेला थांबूनच राहिलो. समोरून एक आजी कुत्र्याला दोरीने धरून शांतपणे त्या पट्टीतून चालत आल्या, मग माझा पाय पुढे पडला. एका ओळीत जा, पीक तुडवू नका, फाटक जसं होतं तसं ठेवा: बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं.

घरी बसून नकाशा वाचा

धावपटूंच्या ॲपवर इतर लोक कुठून धावले ते दिसतं, पण तिथून जायची परवानगी आहे की नाही ते कळत नाही. त्यासाठी ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचा एक्सप्लोरर नकाशा घ्या, केशरी मुखपृष्ठाचा, १:२५,००० प्रमाणाचा. गोरिंगसाठी १७१ क्रमांकाचा. कागदी नको असेल तर त्यांच्या ॲपमध्ये तोच मिळतो. त्यावर आखूड हिरव्या तुटक रेषा म्हणजे फुटपाथ, लांब हिरव्या तुटक रेषा म्हणजे ब्राइडलवे. काळ्या तुटक रेषेला फसू नका. तिथे जमिनीवर वाट आहे एवढंच ती सांगते, तुमच्या हक्काबद्दल काहीच सांगत नाही.

नकाशावरचे निळे चौकोन १ किलोमीटरचे असतात, त्यामुळे अंतराचा अंदाज नजरेने येतो. मग चढ मोजा. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा, या भागात उंचीच्या दर ५ मीटरला आहेत, तुमची वाट किती रेषा ओलांडते ते मोजा. धावणाऱ्यांसाठी सोपा हिशेब असा: १०० मीटर चढ म्हणजे सपाटीवरचे सुमारे ८०० मीटर जास्तीचे धरा. स्ट्रीटलीहून लार्डन चेस या टेकडीच्या माथ्यावर जायचं तर अंतर किलोमीटरभरच, पण चढ जवळपास १०० मीटरचा. घड्याळात तिथला वेग पाहून खचू नका.

नदी असेल तर पूल आधी शोधा. गोरिंगहून उत्तरेला रिजवेने साउथ स्टोकला गेलात की समोरच्या काठावर मोल्सफर्ड दिसतं, अगदी हाकेच्या अंतरावर. तिथून पलीकडे जाऊन स्ट्रीटलीमार्गे परतावं, असं नकाशा पाहताना हमखास वाटतं. पण पूर्वी तिथे होडी चालायची, आता नाही. मधला पूल रेल्वेचा आहे. पायी ओलांडायचं तर एक तर गोरिंगला मागे या, नाहीतर थेट वॉलिंगफर्ड गाठा.

वाटेला आकार द्या

गेलं त्याच वाटेने परत येणं सर्वांत सोपं, आणि नव्या माणसाने पहिल्या वेळी तेच करावं. दुसरा प्रकार वर्तुळाचा. तो आखताना चढ पहिल्या अर्ध्यात घ्या आणि परतीचा भाग सोपा ठेवा. मला सर्वांत आवडतो तो तिसरा: एका स्टेशनावर उतरायचं, दुसऱ्यावरून गाडी पकडायची.

मोटाररस्ते जोडण्यापुरतेच वापरा. गावाबाहेरच्या अरुंद रस्त्यांना पदपथ नसतो आणि दोन्हीकडे उंच झुडपं असतात. समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून उजव्या कडेने धावा. उजवं वळण तीव्र असेल तर वळणाआधीच रस्ता ओलांडून डावीकडे जा, म्हणजे चालकाला तुम्ही वेळेत दिसाल.

पहिल्यांदा चालून या

हा टप्पा लोक गाळतात. कृपा करून गाळू नका. नकाशावरून कळत नाही की अमुक फाटकाची कडी आतून उचलावी लागते, की लाकडी पायऱ्यांवरून चढून जायचं ते कुंपण ओलं असताना निसरडं होतं, की हिरवी रेषा कुणाच्या अंगणातून जाते आणि ते अगदी कायदेशीर आहे. चालताना वळणांच्या खुणा मनात धरा. धावताना बाण हमखास सुटतात.

मी एकदा नोव्हेंबरात न पाहिलेल्या वाटेने डांबरी रस्त्यावर धावायचे बूट घालून निघालो. नांगरलेलं रान, त्यात दोन दिवसांचा पाऊस. दहा पावलांत तळव्याला चिखलाची भाकरी चिकटली, वीस पावलांत ती बुटाच्या दुप्पट रुंद झाली. त्यात चकमकीचे दगड रुतलेले. शेताच्या टोकाला पोचलो तेव्हा पोटऱ्या भरून आल्या होत्या आणि घोटा मुरगळला होता. ऑक्टोबर ते मार्च खोल खाचांचे ट्रेल बूट हवेतच. टेकडीवरची ओली चुनखडी तर साबणासारखी असते, उतारावर पावलं छोटी टाका.

गुरं, घोडे, गवत

गाईगुरं दिसली की धावणं थांबवून चाला. धावणाऱ्या माणसाच्या मागे तरुण वासरं कुतूहलाने पळत येतात. वसंतात वासराजवळची गाय जास्त धोक्याची. तिच्या आणि वासराच्या मधून कधीच जाऊ नका, वाट सोडून लांबून वळसा घ्या आणि पुढे पुन्हा वाटेला लागा. घोडा दिसला तर लांबूनच आवाज द्या, चालत या, अंतर ठेवून पुढे जा.

जून-जुलैत वाटेच्या कडेची खाजरी नेटल्स कमरेएवढी वाढतात. उंच गवतात गोचिडी असतात आणि काहींमुळे लाइम रोग होतो. घरी आल्यावर गुडघ्यामागे, जांघेत, कमरेशी नीट पाहा. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. पुढच्या दिवसांत तिथे लाल चट्टा पसरू लागला तर डॉक्टरांकडे जा.

डिसेंबरात चार वाजताच दिवस मावळतो, तेव्हा परतीची वेळ सूर्यावरून ठरवा. हिवाळ्यात नदीकाठची कुरणं पाण्याखाली जातात, निघण्याआधी सरकारी संकेतस्थळावरचे पुराचे इशारे पाहा. घरी वाट सांगून निघा. दरीत फोनची रेंज जाते, म्हणून नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा. अडचणीत ९९९ या आपत्कालीन नंबरवर फोन करा. आपलं ठिकाण सांगता यावं म्हणून नकाशाच्या जाळीवरून सहा आकडी संदर्भ वाचायला शिका, तो तुम्हाला १०० मीटरच्या चौकोनात आणून ठेवतो.

पहिल्या दोन वाटा

पहिली छोटी. गोरिंग स्टेशन, हाय स्ट्रीट, पूल, स्ट्रीटलीचा चौक, मग लार्डन चेसचा चढ. ही नॅशनल ट्रस्ट या वारसा आणि निसर्ग जपणाऱ्या संस्थेची मोकळी जागा. माथ्यावरून नदीचं वळण आणि दोन्ही गावं एका नजरेत येतात. जाऊन-येऊन ४ ते ५ किलोमीटर. चढावर चाललात तरी चालेल, मीही चालतो.

दुसरी गोरिंग ते पँगबर्न, साधारण ७ किलोमीटर. पुलाजवळून थेम्स पाथने नदीच्या प्रवाहाबरोबर निघा. सुरुवात कुरणांतून, सपाट. मग गेटहॅम्प्टनचा रेल्वेपूल लागतो, ब्रुनेल या रेल्वे इंजिनिअरच्या काळातला, विटांचा. त्याच्याखालून जाताना क्षणभर थांबून वर विटांची कमान पाहा. पुढे वाट नदी सोडून हार्ट्सलॉकच्या झाडीत चढते. पाणी खाली झाडांमधून चमकत राहतं. मे महिन्यात इथल्या उतारावरच्या राखीव कुरणात दुर्मिळ ऑर्किड फुलतात, ते बघायला वाट वाकडी केली तरी हरकत नाही. मग एक खोल उतार, लगेच तेवढाच चढ, आणि व्हिटचर्च गाव. व्हिटचर्चच्या पुलावर मोटारींना टोल आहे, पायी माणसाला नाही. पलीकडे पँगबर्नचं कुरण. गाडीत शिरण्याआधी तिथल्या गवतावर बुटांचे तळवे नीट पुसून घ्या. चुनखडीचा पांढरा चिखल वाळला की डब्यातल्या सगळ्या सीटखाली पसरतो.