गाळ काढल्यावर विहिरीत टीसीएल किती आणि कशी टाकायची

मे महिन्यात आपल्या खान्देशात, अमळनेर म्हणा पारोळा म्हणा शिंदखेडा म्हणा, विहिरींचा गाळ काढणं चालू असतं, माणसं दिवसभर आत उतरतात, मग पाणी जरा निवळलं की लगेच प्यायला सुरू, टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, पडलीच तर अंदाजाने मूठभर. असं नका करू भाऊ. १९३७ मधे इंग्लंडात क्रॉयडनला विहिरीत काम चालू असताना क्लोरीन बंद ठेवलेलं, आत उतरलेला एक जण स्वतः ठणठणीत पण अंगात टायफॉईडचे जंतू, त्या साथीत ४३ माणसं गेली. तिकडचे सॅनिटरी इन्स्पेक्टर खेड्यात विहिरी तपासत फिरायचे. आपल्याकडे ग्रामपंचायतीचा पाणी बघणारा जलसुरक्षक आहे, त्याच्याजवळ उभं राहून करून घ्या.

आधी पाणी मोजा. व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमधे, त्याला ०.७८५ ने गुणलं की घनमीटर, एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. ३ मीटर व्यास, ४ मीटर पाणी म्हणजे साधारण २८ हजार लिटर. चांगल्या पाण्याला हजार लिटरला अडीच ग्रॅम पावडर, म्हणजे ७० ग्रॅम. पण गाळ काढलेलं पाणी गढूळ, ते क्लोरीन खाऊन टाकतं, म्हणून आरोग्य केंद्राकडून हॉरॉक्स टेस्ट, म्हणजे त्या पाण्याला किती पावडर लागेल ते सांगणारी चाचणी, करून घ्या. त्यात सहा पांढरे कप असतात, पहिल्यात पावडरच्या द्रावणाचा १ थेंब, दुसऱ्यात २ असं करत जायचं, अर्धा तास थांबून स्टार्च-आयोडाइडचे थेंब टाकायचे. निळा रंग पहिल्यांदा तिसऱ्या कपात दिसला तर ४५५ लिटरला ६ ग्रॅम, मग याच विहिरीला जवळपास ३७० ग्रॅम लागतात! ७० कुठे आणि ३७० कुठे, म्हणून मूठभरचा हिशोब मला अजिबात पटत नाही.

कोरडी पावडर वरून भुरभुरू नका. एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त नको, आधी पातळ लगदा, मग पाऊण बादली पाणी, नीट ढवळून ५-१० मिनिटं ठेवा, चुना खाली बसतो तो फेकायचा, वरचं पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोराने पाण्यात सोडून चांगली हलवायची. हे रात्री केलेलं बरं, उपसा नसतो. निदान एक तास कोणी पाणी भरायचं नाही, मग ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायची ऑर्थोटोलिडीनची चाचणी, पिवळा रंग आलाच पाहिजे, नाही आला तर परत डोस.

आणि पावडर पत्र्याच्या खोलीत उघडी ठेवू नका, आपल्या ४५ डिग्रीत तिच्यातला क्लोरीन उडून जातो. घट्ट झाकणाचा डबा, अंधारी कोरडी जागा.