शहराच्या नकाशातून समांतर रेषा आणि कोन

कोऱ्या कागदावर पट्टी घट्ट धरून तिच्या कडेने गुण्या सरकवत ४ सेंमी अंतरावर दोन आडवे समांतर रस्ते आखावेत. प्रत्येक रस्ता एकाच रेषेने दाखवावा, कारण दुहेरी रेषांमुळे कोन नेमका कुठे मोजायचा याचा गोंधळ उडतो. आता दोन्ही रस्त्यांना छेदणारा तिरपा रस्ता, म्हणजेच छेदिका, उजवीकडे वर जाणारी अशी ६५° कोनात काढावी. ती काटकोनात काढण्याचा मोह टाळावा, कारण मग आठही कोन ९०° होतात आणि शिकण्यासारखे फारसे उरत नाही.

वरच्या चौकात उजवीकडे वर शाळा आणि खालच्या चौकात त्याच जागी वाचनालय ठेवावे: हे संगत कोन, दोन्ही ६५°. वरच्या चौकात डावीकडे खाली टपाल कार्यालय दाखवले, तर त्याचा वाचनालयाशी व्युत्क्रम कोन (दोन रस्त्यांच्या मधला, पण छेदिकेच्या विरुद्ध बाजूचा) जुळतो, तोही ६५°. त्याच चौकात उजवीकडे खाली बाग असेल, तर तिचा कोन ११५° येतो आणि वाचनालयाच्या कोनासह आंतरकोनांची (दोन रस्त्यांच्या मधल्या, छेदिकेच्या एकाच बाजूच्या कोनांची) बेरीज १८०° भरते.

प्रत्येक कोन आधी तर्काने लिहावा, मगच कोनमापक लावावा. संगत कोनांत दोन-तीन अंशांचा फरक आला, तर बहुधा आखताना गुण्या हललेला असतो.